कथा लिहिणाऱ्यांनो, आधी पंचनामा वाचा!

कथा कशी लिहावी हे सांगणारी पुस्तके मराठीत नाहीत, असे कोणी म्हणू नये. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आले आणि पुढे कित्येक वर्षे मध्यमवर्गीय मराठी कथाकार ते उशाशी घेऊन झोपले. कथानक कसे बांधावे, वाचकाला कसे धरून ठेवावे, याचे तंत्र त्यांनी त्यातून घेतले. पण फिर्याद कशी नोंदवतात, पंच म्हणून सही कोण करतो, तलाठ्याच्या दप्तरात गावकीच्या जमिनीचे काय लिहिलेले असते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. ज्यांच्या कथेतील माणसांना कचेरीची पायरी चढावी लागत नव्हती, त्यांना त्याची गरजही नव्हती. आमच्या माणसांचे मात्र अर्धे आयुष्य त्या पायरीवर जाते. म्हणून आमच्या कथाकाराला तंत्राच्या पुस्तकाबरोबर माहितीचीही पुस्तके लागतात. ती कोणती, आणि ती कशी वाचावीत, हे आज सांगायचे आहे.

इंग्रजीत ही सोय फार पूर्वीपासून आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्यांना विषांची माहिती देणारे ‘डेडली डोसेस’ नावाचे पुस्तक १९९० साली अमेरिकेत निघाले. कोणते विष किती वेळात काम करते, लक्षणे काय दिसतात, हे लेखकासाठी म्हणून त्यात लिहिलेले आहे. एका खोट्या खुनासाठी तिकडचा लेखक एवढा अभ्यास करतो! मग आमच्या वस्तीवर खरोखर घडलेल्या अत्याचारावर कथा लिहिणाऱ्याने किती करायला हवा?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. दलित लेखक अनुभव लिहितो, त्याला संदर्भग्रंथ कशाला? बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला, तो काय ग्रंथालयात बसून लिहिला होता? बरोबर आहे. त्या पिढीच्या अंगावर वळ होते. पण आजचा लिहिणारा तरुण कोण आहे? तो इंजिनीअर आहे, शिक्षक आहे, बँकेत आहे. त्याच्या आजोबांनी गावकीची कामे केली, वडील गिरणीत किंवा रेल्वेत लागले, तो फ्लॅटमध्ये वाढला. त्याला आजोबांवर कादंबरी लिहायची आहे. जे त्याने पाहिलेच नाही ते तो कुठून आणणार? अनुभव वारशाने मिळत नाही, तो मिळवावा लागतो. आणि मिळवण्याचा मार्ग कागदांतून आणि माणसांच्या बोलण्यातून जातो.

आम्ही वकिली करतो. चळवळीतले तरुण आपली हस्तलिखिते आमच्याकडे आणून देतात आणि ‘सर, कोर्टाचा भाग तेवढा बघा’ म्हणतात. या हस्तलिखितांत काही गोष्टी हमखास सापडतात. न्यायाधीश हातोडा आपटून ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणतात. साक्षीदार गीतेवर हात ठेवतो. पोलीस आरोपीकडून कबुलीजबाब घेतात आणि त्या बळावर शिक्षा होते. शेवटी न्यायाधीश फाशी सुनावतात, वस्तीत गुलाल उधळला जातो, कादंबरी संपते. हे सारे हिंदी सिनेमातून आलेले आहे. भारतीय कोर्टात न्यायाधीशाच्या टेबलावर हातोडा नसतो. शपथेचा कायदा १९६९ चा आहे. त्यात ईश्वराला स्मरून शपथ घेता येते किंवा केवळ सत्यप्रतिज्ञा करता येते. ग्रंथावर हात ठेवण्याची सक्ती त्यात नाही. आता विचार करा, एक बौद्ध बाई साक्षीला उभी आहे. शिपाई सवयीने म्हणतो, ‘ईश्वरसाक्ष शपथ घेते की...’ आणि ती म्हणते, ‘मी ईश्वर मानत नाही, मी सत्यप्रतिज्ञा करते.’ कोर्टात क्षणभर शांतता. केवढा प्रसंग आहे हा! आणि आमचा लेखक तिचा हात गीतेवर ठेवून मोकळा होतो. अज्ञानामुळे नुसती चूक होत नाही, हातातली कथाही निसटते.

कबुलीजबाबाचेही तसेच. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. पोलीस साक्षीदाराचा जो जबाब लिहून घेतात त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. म्हणूनच तो वर्षा-दोन वर्षांनी कोर्टात उभा राहून ‘मी असे सांगितलेच नव्हते’ म्हणू शकतो, आणि सरकारी वकील त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मागतात. फितूर हा शब्द आमच्या लेखकांना ठाऊक असतो. पण माणूस फितूर होतो तो कोर्टात नाही. तो गावात होतो. सोसायटीचे कर्ज, उसाची तोड, मुलीचे लग्न, विहिरीचे पाणी यांच्यामध्ये तो हळूहळू फितूर होत जातो. कोर्टात फक्त त्याची नोंद होते. ही प्रक्रिया ज्याला कळली त्याला शंभर पानांची कादंबरी मिळाली.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यावर लिहिणाऱ्याने तर तो कायदा शेजारी ठेवूनच लिहावे. कायदा १९८९ चा, नियम १९९५ चे. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यामुळे कथेचे वर्ष आधी ठरवावे लागते. २०१० सालच्या कथेत जातीवरून अपमानाचे कलम ३(१)(१०) असेल, २०१७ सालच्या कथेत तेच ३(१)(आर) आणि (एस) होईल. २०१० सालचा खून कलम ३०२ खाली नोंदवला जाईल. १ जुलै २०२४ नंतरचा खून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली येईल. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी परवानगी आणि गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी असे निर्देश दिले. २ एप्रिलला भारत बंद झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ आणून त्या अटी काढल्या, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. म्हणजे २०१८ च्या एप्रिल-मे महिन्यात ठाण्यात गेलेल्या फिर्यादीला जे उत्तर मिळाले, ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये गेलेल्याला मिळायला नको होते. एकाच वस्तीतल्या दोन घरांची, चार महिन्यांच्या अंतराने घडलेली गोष्ट कोणी लिहिली आहे का?

त्याच कायद्यात ‘सार्वजनिक दृष्टिपथातील जागा’ असा शब्दप्रयोग आहे. अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला तरच ती कलमे लागतात. २००८ साली स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घराबाहेरची हिरवळ जर रस्त्यावरून दिसत असेल तर ती सार्वजनिक दृष्टिपथात येते. २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात सांगितले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही. कथाकाराने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पाटलाने शिवी ओट्यावर दिली की माजघरात? ओट्यावर दिली तर समोर कोण होते? दार उघडे होते का? कथेत ज्याला आपण वातावरणनिर्मिती म्हणतो, ती कोर्टात पुरावा असते. शिव्या घालणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून तो आता शिवी आत बोलावून देतो. हा बदललेला अत्याचारी आमच्या कथेत अजून यायचा आहे. आमच्या कथेतला पाटील अजून १९६० सालचाच आहे.

पोलीस ठाण्याचेही तसेच. फिर्याद घेतली नाही, असे एका ओळीत लिहून लेखक पुढे जातो. वस्तुतः तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेणे, ती वाचून दाखवणे, मग सही घेणे आणि नक्कल विनामूल्य देणे हे कर्तव्य आहे. त्यात हयगय करणाऱ्या बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकसेवकाला त्याच कायद्याच्या कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. आरोपपत्र साठ दिवसांत दाखल करायचे आहे. जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला द्यायची आहे. ठाण्यात बसून चहा पाजून मिटवण्याचा हा गुन्हा नाही. ठाण्याने फिर्याद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते, तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते.

हे सारे कथेत घालून कथेचे परिपत्रक करा, असे आम्ही म्हणत नाही. पण लेखकाला हे माहीत असले पाहिजे. त्याचे कारण साहित्यिक नाही, व्यावहारिक आहे. आमच्या माणसाला कायदा पुस्तकातून कळत नाही, तो कथेतून, जलशातून, नाटकातून, सिनेमातून कळतो. ज्या कथेत फिर्यादी ठाण्यातून परत फिरतो आणि गोष्ट तिथेच संपते, ती कथा वाचणारा शेकडोंना शिकवते की तिथून परतच फिरायचे असते. दुसऱ्या बाजूला, या कायद्याचा गैरवापर होतो अशी हाकाटी करणारे टपून बसलेले आहेत. आमच्या कादंबरीत कायद्याची ढोबळ चूक दिसली की ‘यांना कायदाच माहीत नाही’ म्हणायला त्यांना संधी मिळते. ती आम्ही का द्यावी?

शिक्षेवर कादंबरी संपवणाऱ्यांनी खैरलांजीची तारीखवार नोंद एकदा समोर ठेवावी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. सत्र न्यायालयाने दिलेल्या फाशीला उच्च न्यायालयाची मान्यता लागते. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने ती फाशी पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली, आणि जातीय अत्याचाराचे कलम तिथेही लागले नाही. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला आणि जात सिद्ध झाली नाही! आनंद तेलतुंबडे यांनी या प्रकरणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे. निकालपत्र उपलब्ध आहे. या एका विसंगतीवर, की चौघांना मारणारी जात कागदावरून अदृश्य कशी होते, मोठी कादंबरी लिहिता येईल. ती निकालावर संपणार नाही, निकालापासून सुरू होईल.

आता जुन्या काळावर लिहिणाऱ्यांबद्दल. महाडवर लिहू इच्छिणारे पुष्कळ आहेत. बहुतेक जण २० मार्च १९२७ च्या ओंजळीपाशी थांबतात. त्या ओंजळीमागे दहा वर्षांचा दावा आहे हे किती जणांना माहीत आहे? डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला गेला. ठाण्याला अपील झाले, तेही फेटाळले गेले. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. पाणी प्यायल्यापासून दहा वर्षांना तीन दिवस कमी! नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर हे त्या दाव्याचे नाव. निकाल न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांचा. तो वाचा. तळे चार-पाच एकरांचे आहे, भोवती नगरपालिकेचे रस्ते आहेत, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे आहेत, काही घाट त्या घरमालकांच्या मालकीचे आहेत, जवळपास अस्पृश्यांचे एकही घर नाही, असे वर्णन त्यात येते. कादंबरीकाराला याहून चांगला नकाशा कुठे मिळेल? प्राचीन काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही, हे न्यायालयाचे उत्तरही त्यातच आहे.

पण त्या निकालात काय नाही हेही पाहा. त्या दहा वर्षांत महाडच्या वाड्यांतल्या बायकांनी पाणी कुठून आणले? तारखेला मुंबईहून येताना बाबासाहेबांबरोबर कोण असे? वादींच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिलेला म्हातारा घरी जाऊन काय बोलला असेल? निकाल याबद्दल गप्प आहे. कथाकाराचे काम तिथे आहे. कागदाने जे सांगितले ते बदलू नये. कागदाने जे सांगितले नाही ते न घाबरता लिहावे.

जुन्या काळासाठी इतरही साधने आहेत, पण ती डोळे उघडे ठेवून वापरायची आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. बलुते, आलुते, वतने, हक्क, मान, पाणवठे यांची एवढी बारीक माहिती दुसरीकडे एकत्र मिळणार नाही. पण आत्रे महसूल खात्यातले होते. त्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसाकडे चावडीवरून पाहिले. ब्रिटिशांची गॅझेटियर्स घ्या. रत्नागिरीचे १८८०, कुलाब्याचे १८८३, पुण्याचे १८८५. पिके, बाजार, भाव, सण, घाट, बंदरे सारे मिळते. आमच्याबद्दलची वाक्ये मात्र ज्यांनी माहिती पुरवली त्यांच्या तोंडची आहेत. मोल्सवर्थचा शब्दकोश १८५७ च्या आवृत्तीत पाहा किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहा. विसरलेले शेकडो शब्द सापडतील, आणि त्यांच्यासोबत आमच्या जातींच्या नावांवर रचलेल्या म्हणीही सापडतील. तो अपमानही साधनच आहे. गाव कसे बोलत होते, हे त्यातून कळते. लेखकाने तो पात्राच्या तोंडी घालावा, निवेदकाच्या तोंडी घालू नये. एवढा विवेक पुरे.

आमच्या बाजूची साधने त्याहून मोलाची आहेत. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाले, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला, ‘जनता’ नोव्हेंबर १९३० मध्ये. पहिल्या दोहोंचे अंक शासनाने ग्रंथरूपात छापले आहेत. अग्रलेख सगळे वाचतात. कथाकाराने बातम्या आणि पत्रे वाचावीत. कोणत्या गावी मेलेले ढोर ओढायला नकार दिला, कुठे बहिष्कार पडला, कुठे सभा झाली, हे तिथे मिळते. चांगदेव खैरमोडे यांचे चरित्रखंड आहेत. वसंत मून यांची ‘वस्ती’ १९९५ ची, नागपूरच्या जीवनासाठी दुसरी इतकी भरवशाची जागा नाही. आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे १९८९ चे ‘आम्हीही इतिहास घडवला’. या दोघी चळवळीतल्या बायकांपर्यंत पोहोचल्या, त्यांना बोलते केले आणि लिहून घेतले. उर्मिलाताई स्वतः कथाकार. कथाकाराने आधी ऐकावे आणि मग लिहावे, याचा यापेक्षा चांगला वस्तुपाठ नाही.

असे काम केल्याने कला मरते, असे म्हणणाऱ्यांनी चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ पाहावा. लोकशाहिरावरचा खटला आहे. हातोडा नाही, आरडाओरडा नाही. पंखे, फायली, पुढची तारीख, कंटाळलेले वकील. आमच्या चळवळीतले वीरा साथीदार त्यात शाहीर झाले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. खऱ्या कोर्टात अन्याय किती सभ्यपणे होतो, हे त्याने दाखवले. बारकावा कळल्याशिवाय ते दाखवता येत नाही.

एक इशारा मात्र वकील म्हणून द्यायलाच हवा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख छापणे गुन्हा आहे. पूर्वी कलम २२८-अ होते, आता न्याय संहितेचे कलम ७२ आहे. कथा म्हणून छापले आणि गावाचे, आडनावाचे, नात्याचे धागे तसेच ठेवले, तर ‘काल्पनिक’ असे वर लिहून सुटका होत नाही. कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट अशी की त्या मुलीला त्याच गावात, त्याच नात्यात जगायचे आहे. आमच्या कथेसाठी तिचे दुःख पुन्हा चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला नाही. नाव बदला, गाव बदला, ऋतू बदला. अन्यायाची रीत बदलू नका.

आता करायचे काय? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात आमचे वकील आहेत, तलाठी-ग्रामसेवक आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त पोलीस आहेत, सफाई कामगारांच्या युनियनचे कार्यकर्ते आहेत. महिन्यातून एक रविवार विहारात लिहिणाऱ्या मुलामुलींना यांच्यासमोर बसवा. वकिलाने उलटतपास म्हणजे काय ते सांगावे, परिचारिकेने शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर नातेवाईक किती वेळ बसतात ते सांगावे, सफाई कामगाराने गटारात उतरण्यापूर्वी काय करतात ते सांगावे. ते टिपून घ्या, जुळवा, साठ-सत्तर पानांची पुस्तिका काढा. विहाराच्या वाचनालयात एक कपाट निकालपत्रांसाठी ठेवा. निकाली प्रकरणांची कागदपत्रे कोर्ट कायमची सांभाळत नाही, मुदत संपली की ती नष्ट होतात. आज नक्कल अर्ज केला तर मिळेल, दहा वर्षांनी कदाचित मिळणार नाही. वस्तीतल्या ऐंशी वर्षांच्या आजीचे बोलणे तर त्याहून लवकर संपेल.

बाबासाहेब लिहिण्यापूर्वी किती वाचत, हे आम्ही दर जयंतीला भाषणात सांगतो. टाळ्या मिळतात. लिहिणाऱ्या तरुणांनी त्यातले थोडे आचरणात आणावे. येत्या सोमवारी जिल्हा न्यायालयात जा. कोर्टाचे दार सर्वांना उघडे असते. मागच्या बाकावर बसा, पट्टेवाल्याचा पुकारा ऐका, साक्षीदाराचे हात बघा, बाहेर झाडाखाली डबा उघडून बसलेल्या फिर्यादीच्या बायकोशी दोन शब्द बोला. घरी येऊन मग पेन हातात घ्या.

जयभीम!